माणूस लाइनवर येईपर्यंत

ज्या सकाळी आबा मला सोलापूरच्या शाळेत सोडायला निघाले, त्या सकाळी माझी धाकटी बहीण सुशी उंबऱ्यावर बसून चपलेचा पट्टा लावत होती. मी आठ वर्षांची, ती सहाची. तिला आम्हाला पोचवायला ढोकीच्या स्टँडवर यायचं होतं. पट्टा बक्कलात जात नव्हता. कुणी मदतीला हात पुढं केला की ती न बोलता पाय मागं घ्यायची. आबांनी माझी पत्र्याची पेटी खांद्यावर घेतलेली. "चल बेबी," ते म्हणाले, "यस्टी कुणासाठी थांबत न्हाय." मी आईकडं पाहिलं. आई सुशीकडं पाहत होती.

"तुमी व्हा म्होरं," आई म्हणाली. "हिचं झालं की आमी येतोच."

त्या दोघी पोचल्या नाहीत. बस सुटली, वळणावर आली, तेव्हा मागच्या खिडकीतून दूर आईचं हिरवं लुगडं दिसलं. शेजारी तिचं बोट धरून सुशी. धावत नव्हती. नेहमीसारखी चालत येत होती. पळाली असती तर पोचली असती, असं मी तेव्हा मनात म्हटलं. पुढं सतरा वर्षं म्हणत राहिले. पण खरं दुखणं सुशी आली नाही हे नव्हतंच. आई तिच्यासाठी मागं थांबली, हे होतं.

ते मोठ्या दुष्काळाचं वर्ष. आबा तेव्हा साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात स्लिपबॉय होते. कुणी कधी ऊस लावला याची नोंद ठेवायची आणि पाळी आली की तोडीची चिठ्ठी द्यायची, हे त्यांचं काम. त्या वर्षी विहिरींनी तळ दाखवला आणि नोंदींना अर्थ उरला नाही. सोलापूरला मिशनच्या शाळेचं बोर्डिंग होतं. "तितं विंग्रजी शिकवत्यात," असं आबा गावभर सांगत. तिथं दोन वेळा जेवायला देतात, हे सांगत नसत.

बोर्डिंगात सगळं घंटेवर. उठायची घंटा, प्रार्थनेची घंटा, ताटं उचलायची घंटा. मी सात मिनिटांत जेवायला शिकले. इंग्रजी लवकर आलं, बोलायचं धाडस मात्र आलं नाही. जी मुलगी बोलत नाही आणि पेपर पूर्ण लिहिते, तिच्यावर शिक्षकांचा फार जीव असतो. मला डबल प्रमोशन देऊन तिसरीतून थेट पाचवीत बसवलं. आबांनी ढोकीत पेढे वाटले. मी मात्र चौथीतल्या ज्या दोन मैत्रिणी होणार होत्या, त्यांच्याकडं व्हरांड्यातून बघत राहिले.

सुट्टीत घरी यायची तेव्हा सुशी दुसरीतच असायची. मग परत दुसरीतच. एके वर्षी मास्तर घरी येऊन म्हणाले, "पोरीचं डोकं चालत न्हाय असं न्हाय, पर ती घाईच करंना." आबा हसले. तोवर पाऊस परतला होता, आबा ओव्हरसियर झाले होते आणि आम्हाला कारखान्याच्या कॉलनीत दोन खोल्या मिळाल्या होत्या.

"मास्तर, ती अडसाली हाय," आबा म्हणाले. "दीड वर्सानं येनारा ऊस बारा म्हैन्यात मागू नगा."

मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "ही आमची सुरू. जानेवारीत लावली, दुसऱ्या जानेवारीला तयार."

सगळे हसले, मीही हसले. पण त्या दिवशी मी सुशीच्या ताटाकडं पाहिलं. माझं जेवण कधीच उरकलं होतं. सुशी भाकरीचा पापुद्रा सोडवत बसली होती आणि आई तिच्या शेजारी हात वाळवत बसून होती. कुणी घंटा वाजवत नव्हतं.

हेवा हा शब्द मला फार उशिरा सुचला. लोकांना वाटायचं, हेवा सुशीला वाटत असेल. इंग्रजी शाळा माझी, फ्रॉक माझे, गावात नाव माझं. गाव सोडून गेलेल्यांचा मागं राहिलेले हेवा करतात, अशीच रीत समजली जाते. आमच्या घरात ते उलटं होतं, आणि ते फक्त मला माहीत होतं.

आबांजवळ एक लहान दुर्बिणीसारखी नळी असायची. उसाच्या रसाचा थेंब तिच्या काचेवर टाकायचा, झाकण लावायचं आणि उजेडाकडं धरून आत बघायचं. आत निळी-पांढरी रेघ दिसते, ती जिथं थांबेल तितकी साखर. शेतकरी मागं लागत. "सायेब, औंदा आमचा फड आदी लावा की. पावणा समजा!" आबा म्हणत, "पावण्या, ऊस आला की तोड येती. पावना हाय म्हून साखर चढत न्हाय." मी ती नळी डोळ्याला लावायची आणि मला वाटायचं, माझ्याकडं कुणी कधी हिच्यातून पाहिलं का?

एकोणिसाव्या वर्षी मी बी.ए. झाले. विसाव्या वर्षी एका रविवारी सुधीर मला बघून गेले आणि त्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी आमचं लग्न लागलं. बडोद्याच्या खत कारखान्यात नोकरी, निर्व्यसनी, आपल्यातलं माणूस. नाही म्हणायला काही नव्हतं. हो म्हणायलाही मला कुणी सांगितलं नाही. पाहुण्यांत कुणी तरी म्हणालं, "पोरगी पयल्यापास्नं फाष्ट, लगीन बी फाष्टच!" आई निरोप देताना नुसती माझी पाठ चोळत होती. सुशी दारामागं होती. ती रडायला लागली तेव्हा जीप कॉलनीच्या फाटकातून बाहेर पडली होती, असं मला नंतर समजलं. तिचं रडूही वेळेवर यायचं नाही.

बडोद्यात मला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी लागली, ट्रंक कॉल विभागात. लाजाळू माणसाला याहून बरी जागा नाही. कानाला हेडसेट, समोर बोर्ड, तोंड कुणाला दिसत नाही. "नंबर प्लीज", "होल्ड ऑन", "जरा थोभजो बेन", "तीन मिनिटं झाली, वाढवू?" दिवसभर चार भाषांत एवढीच वाक्यं. कॉल तीन जातींचे. ऑर्डिनरी सावकाश लागतो, अर्जंट त्याच्या आधी, आणि लाइटनिंग लगेच, पण त्याचा दर ऐकून माणसं काउंटरवरून मागं सरतात. मी बोर्डवर सगळ्यात जलद होते. सुपरवायझर देसाईबेन म्हणायच्या, "आ छोकरी तो लाइटनिंग छे!" शाबासकी होती ती, पण त्या दिवशी डबा खाली गेला नाही. बाकी डबा मी तिथंही सात मिनिटांतच संपवायची.

सुशीची पत्रं यायची. एकेक पोस्टकार्ड दोन-दोन शाईंत, कारण ती मंगळवारी सुरू करून शुक्रवारी संपवायची. अशाच एका कार्डात तिनं मिलिंदबद्दल लिहिलं. माकणी गावचा मुलगा, आबांच्याच खात्यात नव्यानं लागलेला, कॉलनीतल्या बिनलग्नाच्या लोकांच्या खोल्यांत राहणारा. त्यानं तिला लग्नाचं विचारलं होतं. आबांच्या परवानगीनं, आईच्या देखत, पण तिलाच विचारलं होतं. पुढचं वाक्य मला पाठ आहे: "मी सांगितले मला अजून कळत नाही, ते म्हणले कळेल तवा सांगा, मी सुट्टीच्या दिवशी मंगळवारी येत जाईन."

तो तसाच येत गेला. दर मंगळवारी पाच वाजता चहा. आबांशी उसाच्या गोष्टी, आईला दळण दळून आणून देणं, सुशीशी चार शब्द. सहा वाजता रामराम-जयभीम करून निघायचं. एक उन्हाळा गेला, एक गळीत हंगाम गेला, दुसरा उन्हाळा आला. सुशीची कार्डं म्हणत राहिली, अजून कळत नाही. आणि आमच्या घरात कुणीही, माझे आबासुद्धा, जे एस.टी. सुटायच्या तासभर आधी स्टँडवर जाऊन उभे राहतात, तिला एका शब्दानं घाई करत नव्हते.

मला तीन रविवार मिळाले होते. तिला दीड वर्ष मिळालं होतं आणि तिचं अजून संपलं नव्हतं.

'अजून कळत नाही'चं आणखी एक कार्ड आलं त्या आठवड्यात सासूबाई आमच्याकडं होत्या. "काय मग, गोड बातमी कधी?" हे सकाळी चहाबरोबर आणि संध्याकाळी भाजी निवडताना. सुधीर वर्तमानपत्रात तोंड घालून बसत. त्या दुपारी ड्यूटी संपल्यावर मी पब्लिक काउंटरवर रांगेत उभी राहिले आणि कारखान्याच्या शेतकी ऑफिसचा कॉल बुक केला. अर्जंट. पी.पी. कॉल, म्हणजे ज्याचं नाव दिलंय त्याच माणसाशी बोलायचं. नाव मिलिंदचं दिलं.

तो यार्डातून पळत आला असावा, कारण त्याला धाप लागली होती. "कोण? ताई? आबांना काय झालं का?"

"नाही. सगळं ठीक आहे." माझा आवाज बोर्डवरचा होता, स्वच्छ आणि कोरडा. "सुशीबद्दल बोलायचं होतं. तिच्या मनात नाही. तिला नाही म्हणता येत नाही, म्हणून ती अजून कळत नाही म्हणते. तुम्ही थांबू नका."

पलीकडं उसाच्या गाड्यांचे बैल हाकल्याचे आवाज येत होते.

"तिनं सांगितलं तुमाला?"

इथं मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "मी तिची बहीण आहे."

"बरं," तो म्हणाला. तीन मिनिटांतलं दीड मिनिट शिल्लक होतं.

मी तिच्या भल्यासाठी केलं, असं घरी येईपर्यंत स्वतःला सांगितलं. मुलगा ताटकळतोय, लोक बोलतील, उद्या दुसरीकडं बघेल. सगळी कारणं शहाणी होती. एकही खरं नव्हतं. मला ते दार बंद झालेलं हवं होतं. तिच्यासाठी कुणी तरी थांबलेलं माणूस दर मंगळवारी त्या दारातून आत येतं, हे मला सहन होत नव्हतं.

सुशीचं कार्ड येणं बंद झालं. दीड महिन्यानं आबांचं पत्र आलं. त्यात पावसाचं होतं, आईच्या गुडघ्याचं होतं, आणि शेवटी दोन ओळी: "मिलिंद येत नाही. सुशी मंगळवारी चहाला आधण ठेवती आणि दारात बसती, काय झाले कळत नाही." मी ते पत्र घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवलं आणि ड्यूटीवर गेले. त्या दिवशी तीनदा चुकीचा नंबर जोडला. उत्तर मी लिहिलं नाही. रोज लिहिणार होते. भरभर काम करणाऱ्या माणसाला एक गोष्ट जमत नाही, ती म्हणजे कबूल करणं. ते आजचं उद्यावर, उद्याचं परवावर.

चार महिन्यांनी दुसरं पत्र आलं. लग्न ठरलं आहे. गळीत संपता संपता. तू आठ दिवस आधी ये. कसं ठरलं, ते नव्हतं. सुशीनं स्वतः एकही अक्षर लिहिलं नव्हतं.

सोलापूरवरून एस.टी.नं मी एकटी आले. ढोकीच्या स्टँडवर आबा होतेच, नेहमीसारखे आधीपासून. घरात आईनं पाठ चोळली. सुशीनं माझी बॅग आत ठेवली, पाणी दिलं, आणि ती काहीच बोलली नाही. पण ती एरवीही बोलत नाही, त्यामुळं तिला माहीत आहे की नाही, हे मला कळेना. दोन दिवस मी घरात पाहुण्यासारखी वावरले.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी लग्नाचे तांदूळ निवडत बसलो. माझी तीन सुपं झाली तेव्हा तिचं अर्धं झालं होतं.

"अक्का," ती सुपातून मान वर न करता म्हणाली, "तू फोन केला व्हतास."

"हो."

"लई राग आला मला." खडा बाजूला. "तुला पत्र लिवायला बसायचे. चार-पाच ओळी झाल्या की फाडायचे."

"काय लिहीत होतीस?"

"शिव्या." मग ती हसली. "मला तेवढ्या येत न्हाईत. संपायच्या."

मला हसू आलं आणि रडूही. मी विचारलं, मग ठरलं कसं? तिनं सावकाश सांगितलं. सहा मंगळवार तो आला नाही. सातव्याच्या आदल्या दिवशी तिनं चपला घातल्या आणि चालत शेतकी ऑफिसात गेली. सगळे क्लार्क बसलेले. ती त्याच्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली, "सहा डाव चा वतून द्यावा लागला. नासाडी व्हती." मागून कुणी तरी ओरडलं, "वैनी, आमास्नी बोलवा की मग चा प्यायला!" सुशी वळली आणि म्हणाली, "वैनी म्हनू नगा. अजून टाइम हाय."

"एवढ्यावरनं त्यांना समजलं," ती म्हणाली. "मला बी तितंच समजलं. तोंडातनं गेल्यावर." मग बाहेर व्हरांड्यात मिलिंदनं तिला फोनचं सांगितलं.

मी म्हणाले, "सुशे, मला तुझा हेवा वाटत होता." इतकं सरळ वाक्य मी आजवर कुणाला बोलले नव्हते. "तुला सगळे थांबतात. मला कुणी थांबलं नाही."

तिचा हात सुपात थांबला.

"तू थांबा म्हनलीस कधी?" ती म्हणाली. "यस्टी थांबत न्हाय म्हनलं की तू चढतीस." आणि मग बऱ्याच वेळानं, पुन्हा निवडायला लागल्यावर, "तू चढलीस म्हून मला बसता आलं, अक्का. घरातलं एक गाडीत बसलं की बाकीच्यांच्या मागची घाई सरती. मला काय कळत न्हाय व्हय?"

नंतर मी तिचं सूप पाहिलं. त्यातही खडे राहिले होते. मला थोडं बरं वाटलं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आबांबरोबर फडाकडं गेले. तोड संपत आली होती, एकच प्लॉट उभा होता. आबा काठीनं बांधावरचं पाचट सारत होते. मी विचारलं, "आबा, सुशीसाठी थांबलात. माझ्या वेळी का नाही थांबलात?"

ते चालत राहिले. बांध संपला तेव्हा म्हणाले, "तुझ्या साली पानी नव्हतं, बेबी." आणि काही वेळानं, "त्या साली ह्या हातानं उभा ऊस तोडून जनावरास्नी घातला म्या. कवळा. थेंबभर साखर न्हाय त्यात. पर ठिवला असता तर जाग्यावर वाळला असता." त्यांनी खिशातली नळी काढली, पुसली आणि परत ठेवली. "मला वाटलं, एकीला तरी काढावी. बराबर केलं का चुकलं, मला अजून कळंना."

माझ्या आबांना 'अजून कळंना' म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकलं. मी त्यांना उत्तर द्यायची घाई केली नाही.

बडोद्याला परतल्यावर एका संध्याकाळी सुधीर स्कूटर पुसत होते. मी जिन्यात उभी राहून म्हणाले, "अहो, मला एवढ्यात मूल नको. किती दिवस, ते मला माहीत नाही. आईंना तुम्ही सांगा." त्यांचं फडकं थांबलं. मला वाटलं, आता काही तरी मोठं होणार.

"बरं," ते म्हणाले. मग म्हणाले, "मला वाटायचं, तुलाच सगळ्याची घाई आहे. तू जेवतेससुद्धा गाडी पकडायची असल्यासारखी. मी कसाबसा तुझ्यामागं येतोय."

म्हणजे आम्ही दोघंही पाच वर्षं एकमेकांसाठी पळत होतो. त्या दिवशी आम्ही जेवायला तासभर घेतला. खरं सांगायचं तर मला कंटाळा आला. सवय व्हायला वेळ लागेल.

माझा हेवा गेला, असं मी लिहिणार नाही. ढोकीत राहिलेल्यांनो, तुम्ही आमची इस्त्रीची साडी आणि फाडफाड इंग्रजी बघता. आम्ही मागं वळून बघतो ते तुमच्या उंबऱ्याकडं, जिथं कुणी तरी चपलेचा पट्टा लावतंय आणि कुणी तरी शेजारी थांबलंय. आणि माझ्यासारखं गाव सोडून गेलेल्यांनो, तुमच्यापैकी किती जण अजून सात मिनिटांत जेवता, ते मला न विचारता माहीत आहे.

आता मी महिन्यातून एकदा मंगळवारी घरी कॉल लावते. ऑर्डिनरी. ड्यूटी संपली की काउंटरवर बुक करून बाकावर बसते. कधी तास जातो, कधी दोन. देसाईबेन म्हणतात, "अरे, आपलं माणूस असून रांगेत? सांग, मी पुढं घेते." मी नको म्हणते. पी.पी. कॉल, नाव सुशीचं. लाइन लागते, शेतकी ऑफिसातला शिपाई रिसीव्हर टेबलावर ठेवून क्वार्टरकडं हाक मारायला जातो. पी.पी. कॉलचा एक नियम आहे, रोज दहा वेळा गिऱ्हाइकांना सांगत असूनही मला तो नव्यानं कळला. ज्याचं नाव दिलंय तो माणूस लाइनवर येईपर्यंत मिनिटं सुरू होत नाहीत.

मी रिसीव्हर कानाला धरून बसते. पंखा ऐकू येतो, कुणाची तरी खुर्ची सरकते, यार्डात ट्रॅक्टर चालू होतो, पाचचा भोंगा होतो. मग लांबून चपलांचा आवाज येतो. ती पळत येत नाही.

एक्स्चेंजमधली नवी मुलगी मधेच विचारते, "पार्टी आली नाही अजून. कॅन्सल करू?"

"येतेय ती," मी म्हणते. "मी थांबलेय."